ढगांचा रोजनामा

१६ फेब्रुवारी २०२४ रोजी दुपारी २ वाजून ५ मिनिटांनी श्रीहरिकोटा बेटावरील सतीश धवन अवकाश केंद्रात उलट गणती सुरू झाली, आणि तेथून पुढे साडेसत्तावीस तास, दुसऱ्या प्रक्षेपणमंचावर उभ्या असलेल्या ५१ मीटरांहून अधिक उंचीच्या एका अग्निबाणाच्या टाक्या टप्प्याटप्प्याने भरल्या जात असताना, केंद्रातील माणसे दाबाच्या, तापमानाच्या आणि वरच्या हवेतील वाऱ्याच्या आकड्यांवर डोळा ठेवून बसली. अग्निबाणाचे नाव जीएसएलव्ही-एफ१४. त्याच्या शिखराशी, उष्णतारोधक कवचाच्या आत, २ हजार २७४ किलो वजनाचा जो उपग्रह बसविला होता त्याचे नाव इन्सॅट-३डीएस. त्याला चंद्रावर उतरावयाचे नव्हते, की मंगळाची वाट धरावयाची नव्हती. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर राहावे, अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागर यांवरून जाणाऱ्या प्रत्येक ढगाची दिवसरात्र नोंद करावी आणि ती नोंद तत्काळ खाली धाडावी, एवढेच काम त्याच्याकडे सोपविले होते. त्याचा सारा खर्च पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने उचलला होता, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या खात्याला ढगांच्या नोंदीची रोज गरज पडते त्याच खात्याने पदरचे पैसे घालून हा उपग्रह मागविला होता.

अशा प्रक्षेपणाची बातमी वर्तमानपत्रात एक दिवस ठळक छापून येते, ज्वाळेचे छायाचित्र झळकते, पंतप्रधानांपासून शाळेतल्या मुलांपर्यंत सर्वांना अभिमान वाटतो, आणि तो अभिमान सर्वस्वी रास्त असतो. परंतु हवामान उपग्रहाच्या बाबतीत त्या दिवशी जे पुरे झाल्यासारखे वाटते ते वस्तुतः तेव्हा कुठे सुरू झालेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. ओडिशातील पारादीपच्या किंवा आपल्या हर्णैच्या किनाऱ्यावर वादळ येऊन धडकण्यापूर्वी ज्या क्षणी शेवटची होडी खाडीत शिरते आणि शेवटची म्हातारी पक्क्या इमारतीत पोहोचते, त्या क्षणी त्या उपग्रहाचे प्रक्षेपण पूर्णत्वास जाते. आणि आकाशातला मार्ग जितक्या दक्षतेने आखला जातो तितक्याच दक्षतेने हा जमिनीवरचा मार्ग आखला गेला आहे काय, हे तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या बेटाविषयी. चेन्नईच्या उत्तरेस, पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्या मध्ये चातीसारखा लांबट पसरलेला हा भूभाग १९६९ साली अवकाश केंद्रासाठी निवडला गेला. तेथील मूळ रहिवासी यानादी जमातीचे लोक. केंद्र आले तेव्हा त्यांना आपली वस्ती हलवावी लागली, आणि देशाच्या अवकाशपराक्रमाचा इतिहास लिहिताना त्यांचा उल्लेख वगळणे मला प्रशस्त वाटत नाही. जागा निवडण्यामागचे गणित निर्विवाद होते. पूर्वेस दूरवर मोकळा समुद्र असल्यामुळे जळून गेलेले टप्पे वस्तीवर कोसळण्याची भीती नाही, आणि पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पूर्वेकडे सुटलेल्या अग्निबाणास त्या अक्षांशावर सेकंदाला सुमारे ४५० मीटरांचा वेग आयता मिळतो. भूस्थिर कक्षेकडे निघालेल्या उपग्रहास हे देणे फार मोलाचे आहे. ४२० टनांचा अग्निबाण पेटवून अखेर कक्षेत पोहोचतो तो सव्वादोन टनांचा उपग्रह. त्यातलाही मोठा भाग त्याच्या स्वतःच्या इंधनाचाच असतो, आणि हे इंधन जितके उरेल तितके त्याचे आयुष्य.

जीएसएलव्हीच्या मध्यभागी १३९ टन घन इंधनाने भरलेला एक प्रचंड पोलादी नळा असतो, आणि त्याच्या अंगाला प्रत्येकी ४० टन द्रव इंधनाचे चार बाण जोडलेले असतात. प्रथम पेटतात ते हे चार. मधला नळा त्यानंतर ४.८ सेकंदांनी पेटविला जातो. घन इंधन एकदा पेटले की जगातील कोणतीही सत्ता ते विझवू शकत नाही, द्रव इंधनाचा प्रवाह मात्र तोडता येतो. म्हणून आधी चारही द्रव बाण पेटवावयाचे, त्यांचा जोर पुरा भरला की नाही हे संगणकाने पाहावयाचे, आणि खात्री पटली तरच मधल्या नळ्याला अग्नी द्यावयाचा, अशी ही योजना आहे. २८ मार्च २००१ रोजी, जीएसएलव्हीच्या पहिल्यावहिल्या उड्डाणाच्या वेळी, चारांपैकी एका बाणाचा जोर पुरेसा चढला नाही, संगणकाने तत्क्षणी सारे थांबविले, आणि ज्वाळा दिसूनही अग्निबाण मंचावरच उभा राहिला. पाहणाऱ्यांना ती नामुष्की वाटली असेल. परंतु त्या पावणेपाच सेकंदांनी अग्निबाणही वाचविला आणि उपग्रहही, आणि तीनच आठवड्यांनी, १८ एप्रिल रोजी, तोच अग्निबाण आकाशात गेला.

पुढचा मार्ग मात्र सुखाचा नव्हता. तिसऱ्या टप्प्यात उणे २५३ अंशांवरचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांवरचा द्रव ऑक्सिजन जाळावा लागतो. ही विद्या रशियाकडून घेण्याचा करार अमेरिकेच्या दडपणामुळे १९९३ साली मोडला, हाती आले ते तयार टप्पे, विद्या आपली आपणच कमवावी लागली. एप्रिल २०१० मध्ये स्वदेशी टप्प्याचे पहिले उड्डाण फसले, त्याच वर्षी डिसेंबरात रशियन टप्प्यासह आणखी एक फसले, आणि ५ जानेवारी २०१४ ला स्वदेशी टप्पा प्रथम यशस्वी झाला. त्यानंतर सारे सुरळीत चालले असे वाटत असतानाच १२ ऑगस्ट २०२१ रोजी एका झडपेच्या गळतीमुळे हायड्रोजनच्या टाकीतील दाब उतरला, तिसऱ्या टप्प्याचे इंजिन पेटलेच नाही, आणि पृथ्वीनिरीक्षणाचा एक महत्त्वाचा उपग्रह समुद्रात गेला. जीएसएलव्ही-एफ१४ च्या उलट गणतीच्या वेळी त्या कक्षात बसलेल्यांच्या मनात ही एक झडप नसेल, असे मला वाटत नाही.

१७ फेब्रुवारीस सायंकाळी ५ वाजून ३५ मिनिटांनी तो क्षण आला. दूर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला अशा वेळी आधी उजेड दिसतो, नंतर मंचाभोवती पांढरा लोट पसरतो, अग्निबाण मनोऱ्याच्या वर चढू लागतो, आणि एवढे होईपर्यंत सारे निःशब्द असते. मग तो गडगडाट येतो आणि छातीच्या पिंजऱ्यात शिरतो. मधला नळा सुमारे पावणेदोन मिनिटांत जळून रिता होतो, परंतु बाजूचे चार बाण अजून जळत असल्यामुळे त्या रिकाम्या पोलादाचा भार ते आणखी काही सेकंद वाहून नेतात. मग हा सारा डोलारा गळून पडतो आणि दुसरा टप्पा कामास लागतो. हवा इतकी विरळ होते की कवचाची गरज उरत नाही. तेही दोन शकले होऊन निखळते, आणि उपग्रह प्रथमच उघडा होतो. त्यानंतर कित्येक मिनिटे, कोणाच्याही डोळ्यांना न दिसणारी तिसऱ्या टप्प्याची ज्योत जळत राहते. सुमारे १९ मिनिटांनी उपग्रह अग्निबाणापासून सुटा झाला तेव्हा तो अशा लांबुळक्या कक्षेत होता की तिचे जवळचे टोक पृथ्वीपासून सुमारे १७० किलोमीटरांवर आणि दूरचे ३६ हजार किलोमीटरांपलीकडे.

अग्निबाणाचे काम येथे संपले. आता जबाबदारी कर्नाटकातील हासन येथील मुख्य नियंत्रण केंद्राकडे आली. दूरच्या टोकाशी उपग्रह पोहोचला की त्याचेच छोटे इंजिन पेटवावयाचे, कक्षा थोडी गोल करावयाची, मोजमाप घ्यावयाचे, पुन्हा पेटवावयाचे. अशा टप्प्यांनी लंबवर्तुळाचे वर्तुळ होते, कक्षेचा कल नाहीसा होतो, आणि उपग्रह पृथ्वीबरोबर नेमक्या गतीने फिरू लागला म्हणजे खालून पाहणाऱ्यास तो आकाशात खिळल्यासारखा भासतो. ७ मार्च २०२४ रोजी त्याने पृथ्वीची पहिली चित्रे पाठविली.

या उपग्रहाच्या शरीररचनेत एक विशेष आहे, आणि तो समजून घेतल्याखेरीज त्याच्या कामाचा नाजूकपणा ध्यानात येत नाही. दळणवळणाच्या उपग्रहास दोन्ही बाजूंना सौरपट्ट्यांचे दोन पंख असतात. इन्सॅट मालिकेतील हवामान उपग्रह एकाच पंखाचा असतो. रात्रीच्या अंधारात ढग पाहावयाचे तर त्यांच्यापासून निघणारी उष्णता पाहावी लागते, आणि ढगाच्या माथ्याची उष्णता मोजणारा संवेदक स्वतःच उष्ण असेल तर त्याला आपल्या उष्णतेपुढे दुसऱ्याची कशी जाणवावी? म्हणून त्या संवेदकास उणे दीडशे अंशांहूनही खाली थंड ठेवावे लागते. त्यासाठी कोणतेही यंत्र चालवीत नाहीत. उपग्रहाच्या एका अंगास एक तबकडी बसवितात, तिने अथांग, काळ्या, गोठलेल्या अवकाशाकडे तोंड करून अखंड आपली उष्णता देऊन टाकावी आणि गार राहावे. त्या बाजूस सौरपट्टी असती तर उन्हात तापलेल्या तिच्या अंगाची झळ तबकडीस लागली असती. यास्तव तो पंखच नाही. पण पंख एका बाजूस असला की दुसरे संकट उभे राहते. सूर्यप्रकाशाचाही दाब असतो, अत्यंत सूक्ष्म, परंतु अहोरात्र पडणारा. एकाच बाजूच्या पट्टीवर तो पडत राहिला तर उपग्रह हळूहळू कलू लागतो. पहिल्या पिढीच्या इन्सॅट उपग्रहांत यावर उपाय म्हणून दुसऱ्या बाजूस लांब दांड्यावर एक शीड बसविलेले असे. पुढे कल्पना-१ या हवामान उपग्रहावर विद्युच्चुंबकीय वेटोळ्यांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाच आधार घेऊन हा तोल सांभाळला. रात्रीचे ढग दिसावेत एवढ्यासाठी साऱ्या यंत्राने जन्मभर असा एकांगी तोल सांभाळावा, ही गोष्ट मला अग्निबाणाच्या ज्वाळेइतकीच विस्मयकारक वाटते.

ही दृष्टी मानवाला लाभून फार काळ लोटलेला नाही. १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने टायरॉस-१ सोडला. तो ७८ दिवस चालला, आणि समुद्रावरच्या वादळाचे चक्र वरून कसे दिसते ते माणसाने पुन्हा पुन्हा पाहिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या निमित्ताने, १९६३ साली मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभे राहिले, आणि उपग्रहाकडून ढगांची चित्रे थेट उतरवून घेण्याची सोय त्या मोहिमेच्या काळातच मुंबईत झाली. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत स्थापन झालेल्या, एकेकाळी वेळ आणि चुंबकसुई यांचा हिशेब ठेवणाऱ्या त्या जुन्या वास्तूत आकाशातून आलेले ढगांचे चित्र कागदावर ओळीओळीने उमटताना ज्यांनी पाहिले त्यांना काय वाटले असेल! त्याच सुमारास पुण्यास उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था निघाली. तिचे पहिले संचालक पी. आर. पिशरोटी यांनी पुढे भारतातील दूरसंवेदनाचा पाया घातला. पुण्याच्या शिवाजीनगरातील वेधशाळेस जुनी माणसे आजही सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून तेथे आले होते. सबब पर्जन्य आणि वारा यांच्या शास्त्राशी महाराष्ट्राचा संबंध पिढ्यानपिढ्यांचा आहे.

स्वतःच्या मालकीचा डोळा मिळवावयास मात्र देशाला बरीच ठेच खावी लागली. १० एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेतून गेलेल्या इन्सॅट-१ए चे ते शीड उघडलेच नाही, आणि सप्टेंबरात इंधन संपून तो निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशयान चॅलेंजरमधून गेला. त्यास योग्य स्थळी सोडता यावे म्हणून चॅलेंजरच्या जातीच्या यानाने प्रथमच रात्री उड्डाण केले. त्याचीही सौरपट्टी अडकून बसली होती, आणि सप्टेंबरात मोठ्या खटपटीने ती उघडली. दूरदर्शनवर रात्रीच्या बातम्यांनंतर भारताच्या नकाशावर ढगांचे पांढरे पुंजके दिसू लागले ते या उपग्रहामुळे. परंतु या साऱ्या इन्सॅट उपग्रहांना दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि हवामान अशा तीन खात्यांची चाकरी एकाच वेळी करावी लागे. केवळ हवामानासाठी वाहिलेला आपला पहिला उपग्रह १२ सप्टेंबर २००२ रोजी गेला. त्याचे नाव मेटसॅट, वजन १ हजार ६० किलो. तोवर ध्रुवीय कक्षेच्या कामासाठीच वापरल्या गेलेल्या पीएसएलव्हीने त्या दिवशी प्रथमच भूस्थिर कक्षेच्या वाटेवर उपग्रह नेला. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान परतीच्या वाटेवर भंगले, त्यात कर्नालची कल्पना चावला गेली, आणि चारच दिवसांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी मेटसॅटला तिचे नाव दिले. ७४ अंश पूर्व रेखांशावर बसून सात वर्षांच्या कराराने नेमलेल्या या कल्पना-१ ने पंधरा वर्षे, २०१७ पर्यंत, सेवा केली. इन्सॅट-३डी जुलै २०१३ मध्ये फ्रेंच गयानातून आणि इन्सॅट-३डीआर सप्टेंबर २०१६ मध्ये श्रीहरिकोट्याहून त्याच्या मदतीस गेले; आणि २०२४ च्या फेब्रुवारीत, ही दोन्ही यंत्रे वयस्क झाली असताना, तिसरे पाठविले गेले.

या अग्निबाणांत महाराष्ट्राच्या घामाचाही वाटा आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे, साखर कारखान्यासाठी वसलेल्या गावात, घन इंधनाच्या पोलादी नळ्या घडतात; विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात द्रव इंधनावर चालणारी विकास इंजिने तयार होतात, आणि जीएसएलव्हीच्या एका उड्डाणात अशी पाच विकास इंजिने जळतात. परंतु अग्निबाण आणि पाऊस या दोन टोकांना एकत्र आणणारे नाव वसंत गोवारीकरांचे. पुण्यात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने थुंब्यास घन इंधनाची विद्या उभी केली, विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालकपद भूषविले, आणि पुढे दिल्लीस विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव असताना त्यांच्याच पुढाकाराने १९८८ साली सोळा घटकांवर आधारलेले मॉन्सूनच्या भाकिताचे प्रतिमान तयार झाले. आरंभी ज्याने अग्निबाणाचे इंधन घडविले त्यानेच पुढे शेतकऱ्याच्या पावसाचा विचार करावा, ही कारकीर्द मराठी वाचकाने विसरू नये.

आता तो उपग्रह वरून पाठवितो काय, आणि त्याचे पुढे होते काय? त्याचा चित्रक सहा निरनिराळ्या तरंगपट्ट्यांत पृथ्वीकडे पाहतो. दिवसाच्या प्रकाशात दिसणारा ढग, ढगाच्या माथ्याचे तापमान, वरच्या हवेतील बाष्प, हिवाळ्यातले धुके, असे प्रत्येक पट्टीतून वेगळे ज्ञान मिळते. साधारण अर्ध्या तासात पृथ्वीचा दिसणारा सारा अर्धगोल तो ओळीओळीने वाचून काढतो. दुसरे उपकरण एकोणीस पट्ट्यांचे. त्यावरून हवेच्या निरनिराळ्या थरांतील तापमान आणि आर्द्रता काढतात. याशिवाय ओसाड डोंगरावरच्या स्वयंचलित हवामान केंद्रांनी आणि भर समुद्रातील तरंगकांनी पाठविलेले आकडे तो झेलतो आणि दिल्लीस पोहोचवितो. आणि बुडत्या जहाजाने आपत्तीचा संकेत सोडला तर तो उचलून बचावकेंद्राकडे देण्याची व्यवस्थाही त्याच्यावर आहे. लागोपाठच्या चित्रांत एकच ढग कोठून कोठे सरकला हे मोजले म्हणजे त्या उंचीवरच्या वाऱ्याची दिशा आणि वेग कळतो. असा हा ढगांचा रोजनामा अर्ध्या अर्ध्या तासाने दिल्लीच्या मौसम भवनात उतरतो.

वादळाच्या वेळी या रोजनाम्यावर सारा निर्णय अवलंबून असतो, कारण आपल्या समुद्रांवरच्या वादळांच्या पोटात विमान घालून वारा मोजण्याची नित्याची व्यवस्था आपल्याकडे नाही. अमेरिकेतील व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात एक पद्धत बसवून दिली. तिच्यानुसार ढगांची वळणे केंद्राभोवती किती गुंडाळली गेली आहेत, डोळा उघडला आहे काय, त्या डोळ्यातले आणि भोवतालच्या ढगमाथ्यांचे तापमान किती वेगळे आहे, हे चित्रावर पाहून विश्लेषक वादळास एक क्रमांक देतो, आणि त्या क्रमांकावरून वाऱ्याचा वेग ठरतो. संगणक आज पुष्कळ मदत करतो, तथापि शेवटी एक अनुभवी माणूस मध्यरात्री पडद्यासमोर बसून तो क्रमांक अर्ध्याने वाढवावा की नाही हे ठरवितो, आणि त्या अर्ध्या अंकावर कधी कधी लाखो माणसांचे स्थलांतर अवलंबून असते.

उपग्रहाला सर्व काही दिसते असे मात्र कोणी समजू नये. तो ढगाचा माथा पाहतो. त्याच्या पोटातून कोणत्या उपनगरावर किती पाणी कोसळणार, हे तो नेमके सांगू शकत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. कल्पना-१ त्या दिवशी आपल्या जागी होता आणि पाहत होता. ढगांचे पोट वाचणारे डॉप्लर रडार मुंबईजवळ नव्हते. म्हणून उपग्रह वर धाडला की खालचे रडार, पर्जन्यमापक आणि भरतीचे मापक यांवरचा खर्च वाचेल, असा हिशेब जर कोणा दप्तरात मांडला जात असेल तर तो चुकीचा आहे.

आणि नोंद बिनचूक आली तरी पुढे काय? २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले तेव्हाही उपग्रहाची चित्रे वेधशाळेत येत होती, इशारेही निघाले होते. तरी सुमारे १० हजार माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच किनाऱ्यावर गोपाळपूरजवळ फायलीन आले. सुमारे १० लाख लोक आधीच हलविले गेले होते, आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. मधल्या चौदा वर्षांत उपग्रह सुधारले, भाकिते सुधारली, हे खरेच. परंतु ओडिशाने त्या काळात किनाऱ्यावर आश्रयस्थाने बांधली, गावोगावी पथके तयार केली, कोणत्या घरातील कोणास कोणी उचलून न्यावयाचे याच्या याद्या केल्या. जिल्हाधिकाऱ्याचा हुकूम तहसीलदारापर्यंत, तेथून तलाठ्यापर्यंत, आणि त्याच्याकडून झोपडीच्या दारापर्यंत किती वेळात जातो याची त्यांनी दरवर्षी रंगीत तालीम केली. माझ्या मते फायलीनच्या यशाचे निम्मे श्रेय या याद्यांचे आहे.

आपल्या कोकणात हर्णैचे बंदर पाहावे. सायंकाळी वाळूवर मासळीचा लिलाव रंगतो, होड्या मात्र उघड्या समुद्रात नांगरलेल्या असतात, कारण वारा अडवील असा पुरेसा आडोसा तेथे नाही. तीन नंबरचा बावटा लागला की नौका आंजर्ल्याच्या खाडीकडे किंवा दूर जयगड, दिघीकडे धाव घेतात. आंजर्ल्याच्या मुखाशी गाळ साचलेला. भरती असेल तरच मोठी नौका निर्धास्त आत शिरते, ओहोटीस धडपड केली तर वाळूत रुतते आणि लाटा तिला फोडतात. तांडेलाला म्हणून वादळाचा इशारा तासांत मोजून चालत नाही. त्याला तो भरतीत मोजावा लागतो. बातमी एक भरती आधी आली तर नौका आणि खलाशी दोन्ही वाचतात. भरती उलटल्यावर आली तर तीच बातमी, तितकीच अचूक असूनही, निरुपयोगी ठरते. ३६ हजार किलोमीटरांवरून क्षणार्धात उतरलेली नोंद शेवटच्या काही मैलांत अडखळली तर ती भरती हुकते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले तेव्हा कोकणातील अनेक खलाशी समुद्रातून परतले नाहीत. ३ जून २०२० रोजी दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूस निसर्ग वादळ धडकले. त्याची वाट आणि वेळ आधी कळली होती, हजारो लोक हलविले गेले, प्राणहानी थोडकी झाली. परंतु नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, मोबाइल बंद पडले, आणि पुष्कळ गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्या दिवसांत दुसरे वादळ आले असते तर आकाशातील डोळ्याने ते खचित पाहिले असते, पण गावाला सांगितले कोणी असते?

हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडेल तो काळ वादळांचा आहे. ओडिशाचे महाचक्रीवादळ, फायलीन, फयान, तिन्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरचीच. किनाऱ्यालगत राहणाऱ्या, किंवा ज्यांचे घर आणि माणसे तेथे आहेत अशा वाचकांना म्हणून एक विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेस आवर्जून जावे आणि चार गोष्टी विचाराव्यात: वीज आणि मोबाइल बंद पडले तर वादळाची सूचना आपल्या वाडीत कोण आणि कशी आणणार; आश्रयाची पक्की इमारत कोणती आणि तिची किल्ली कोणापाशी असते; स्वतः चालू न शकणाऱ्या माणसांची यादी केली आहे काय; आणि खाडीच्या मुखातील गाळ केव्हा उपसणार. जे उत्तर मिळेल ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.